आधी विधी, मग देव: काल्पनिक जगासाठी पुराणकथा रचण्याची एक पद्धत

कल्पनारम्य कादंबरी लिहायला घेतलेले अनेक लेखक आपल्या जगाची पुराणकथा देवांच्या यादीपासून सुरू करतात. अग्नीचा एक देव, पाण्याची एक देवी, पाताळाचा एक राजा, त्यांची लग्ने, भांडणे आणि वंशावळ असे सगळे वहीत भरते, आणि प्रत्यक्ष प्रकरण लिहायला बसल्यावर मात्र या देवांचे करायचे काय हे कळत नाही, कारण त्या जगातल्या एकाही माणसाच्या दिवसभराच्या वागण्यात ते कुठेही आलेले नसतात. या लेखात मांडलेला क्रम उलटा आहे. आपल्या जगातली माणसे काय करतात हे आधी ठरवावे, ती त्याचे कारण काय सांगतात हे त्यानंतर, आणि देवाचे नाव, रूप व कुळ सर्वांत शेवटी. नागपूर आणि भोवतालचा विदर्भ ही पद्धत शिकण्यासाठी फार चांगली जागा आहे, म्हणून उदाहरणे इथलीच घेतली आहेत. पद्धत हातात यावी यासाठी ‘दुमाती’ नावाचा एक काल्पनिक देशही आपण लेखाच्या ओघात रचत जाऊ.

जमीन, पाणी आणि ऊन यांची नोंद

पहिले काम वहीत एक पान भरण्याचे आहे. आपल्या जगात पाणी कुठून येते, किती महिने टिकते, जमीन कोणत्या दगडाची आहे, लोक काय पिकवतात आणि वर्षातला कोणता काळ त्यांना सर्वांत जास्त भीतीचा वाटतो, एवढेच त्या पानावर लिहावे. देवांचा उल्लेख अजून करू नये.

नागपूरच्या बाबतीत हे पान कसे दिसेल ते पाहा. शहर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. पश्चिमेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड आणि त्यापासून झालेली काळी माती आहे. पूर्वेकडे जाऊ लागले की त्याहून कितीतरी पटींनी जुने, फिकट रंगाचे खडक उघडे पडतात आणि पुढे भंडारा-गोंदियाकडे तळ्यांचा व धानाचा मुलूख सुरू होतो. नाग नदी शहरातून वाहत पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या एकत्र येतात. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो, आणि त्या नऊ दिवसांचे ऊन हा इथल्या प्रत्येक घरातल्या बोलण्याचा विषय असतो. एवढ्या मजकुरातच दोन रंगांची जमीन, पाच प्रवाहांची भेट आणि नऊ जळते दिवस अशी तीन बीजे मिळतात, आणि यांतले एकही हवेतून आणलेले नाही.

माझ्या मते मात्र या परिसरातले सर्वांत मौल्यवान बीज संत्र्याच्या बागेत आहे. संत्र्याच्या झाडाला एकसारखा बहर यावा म्हणून बागायतदार त्याचे पाणी ठरवून बंद करतात. याला ताण देणे म्हणतात. आंबिया बहरासाठी हा ताण थंडीत दिला जातो, तर मृग बहरासाठी उन्हाळ्याच्या शेवटी. हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहत असल्यामुळे जास्त दिवस लागतात. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि मग ताण तोडला, म्हणजे पाणी दिले, की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ताण जास्त झाला तर झाडच हातचे जाते. जगण्यासाठी जे हवे तेच काही दिवस नाकारायचे आणि त्या नाकारण्यातून फळ मिळवायचे, ही कृती मुळातच एखाद्या धर्मविचाराच्या इतकी जवळ आहे की लेखकाला तिच्यात फारसे काही घालावे लागत नाही.

दुमातीचे पान आपण यावरूनच भरू. पश्चिमेला काळी भारी जमीन आहे, पूर्वेला मुरमाड हलकी. मध्ये एक नदी आहे जी उन्हाळ्यात आटते. लोक फळबागांवर जगतात, पाणी तळ्यांतून पाटाने येते, आणि वर्षातून एकदा सगळ्या बागांचे पाणी बंद ठेवले जाते.

एक कृती निवडावी आणि ती बारकाईने लिहावी

आता एक विधी निवडायचा. त्याचे वर्णन एखाद्या परक्या माणसाने पाहून लिहावे तसे करावे: कोण, कुठे, केव्हा, हातात काय घेऊन, काय बोलून, कोणाला दूर ठेवून. ‘देवीला प्रसन्न करण्यासाठी’ अशी कारणे या टप्प्यावर निषिद्ध समजावीत.

हा क्रम का योग्य आहे, हे नागपूरकराला मारबतीवरून सहज पटेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, असतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते आणि शेवटी त्यांचे दहन होते. सव्वाशेहून अधिक वर्षे ही कृती टिकून आहे. तिची कारणे मात्र अनेक आहेत. कोणी तिला रोगराई गावाबाहेर घालवण्याचा विधी मानतात, कोणी पूतनेशी जोडतात, कोणी काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचे म्हटल्या जाणाऱ्या भोसले घराण्यातील बांकाबाईंशी लावतात. आणि बडग्यांवर तर त्या त्या वर्षीचे राग, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, नव्या साथी, स्वार झालेले असतात. मिरवणूक तीच राहते आणि तिच्यावर बसणारी कथा बदलत जाते. खऱ्या समाजात असे होत असेल, तर काल्पनिक समाजातही विधीला पक्के आणि कथेला लवचीक ठेवणे हेच अधिक खरे वाटेल.

दुमातीतला विधी असा ठरवू. पाणी तोडल्यापासून ते पुन्हा सोडेपर्यंतच्या दिवसांत बागेच्या हद्दीत कोणीही पाणी पीत नाही आणि ओंजळ धरत नाही. शेवटच्या दिवशी पहाटे घरातली सर्वांत धाकटी सून तळ्यावरून एक घडा भरून आणते आणि तो झाडाच्या आळ्यात न ओतता बागेबाहेरच्या वाटेवर ओतते. त्यानंतर पाटाचे तोंड उघडतात. ओतताना ती मागे वळून पाहत नाही. घडा तिथेच फोडला जातो आणि त्याच्या खापऱ्या कोणी उचलत नाही.

हे वर्णन लिहून झाल्यावर स्वतःला विचारावे की यातली कोणती गोष्ट विचित्र आहे. झाडे तहानलेली असताना पाणी वाटेवर का? धाकटी सूनच का? खापऱ्या का उचलायच्या नाहीत? ज्या विधीत असा एकही प्रश्न उरत नाही, तो विधी पुन्हा लिहावा. प्रश्नच कथा मागतात.

कारणे लिहावीत आणि प्रत्येक कारणाला मालक द्यावा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण बहुसंख्य काल्पनिक पुराणे इथेच कमी पडतात. लेखक एकच अधिकृत कथा लिहितो आणि जगातली सगळी माणसे ती एकमताने मानतात. प्रत्यक्षात एकाच विधीची कथा वेगवेगळे लोक आपापल्या गरजेप्रमाणे सांगतात, म्हणून प्रत्येक विधीला किमान तीन कथा असाव्यात आणि प्रत्येक कथेसमोर चार गोष्टी लिहाव्यात: सांगणारा कोण, तो कोणाला सांगतो, या कथेमुळे त्याला काय मिळते, आणि तो कोणती गोष्ट गाळतो.

दुमातीतले बागवान सांगतात की ताणाई नावाची एक बाई तहानलेली आली, तिने झाडांच्या वाट्याचे पाणी मागितले, बागवानाने ते दिले आणि त्याची बाग फुलली. वाटेवर ओतलेला घडा हा तिचा वाटा आहे. या कथेत बागवान दाता ठरतो, आणि पाट कोणी खोदले हे कुठेच येत नाही.

पाट खोदणाऱ्या आणि तळ्याची पाळ राखणाऱ्या पाणक्यांची कथा वेगळी आहे. त्यांच्या मते ताणाई ही पाणक्याच्या घरची धाकटी सून. बागवानांनी मजुरी बुडवली म्हणून तिने रात्री तळ्याचे दार बंद केले आणि स्वतः त्या दारात बसून राहिली. झाडे वाळू लागली तेव्हा गाव तिच्या पाया पडायला गेले, पण तोवर ती गेली होती. घडा वाटेवर ओततात तो तिच्या प्रेताला घातलेल्या पाण्याची आठवण म्हणून, आणि खापऱ्या उचलत नाहीत कारण त्या सुतकाच्या आहेत.

दरबाराची कथा तिसरी. पहिल्या राजाला देवीने स्वप्नात येऊन पाणी थांबवण्याचा आणि सोडण्याचा अधिकार दिला, म्हणून ताण केव्हा लागेल हे राजवाडा जाहीर करतो आणि त्या दिवसांची पाणीपट्टी वसूल करतो.

आता बघा, कथानक आपोआप उभे राहू लागले आहे. दुष्काळाच्या वर्षी राजा ताणाचे दिवस वाढवतो, बागवान घाबरतात, पाणक्यांची एक तरुण सून दाराजवळ जाऊन बसते. तिला माहीत असलेली कथा आणि राजाला माहीत असलेली कथा एकाच देवीची आहे, तरी त्या दोन कथा दोघांना परस्परविरुद्ध आज्ञा देतात. पुराणकथा कादंबरीच्या मागे शोभेसाठी टांगलेली नसून पात्रांच्या निर्णयात उतरली आहे, हे ओळखण्याची खूण हीच.

या तीनपैकी खरी कथा कोणती, हे लेखकाने ठरवावे का? माझे मत असे की ठरवू नये. लेखकाने एकदा उत्तर ठरवले की त्याची लेखणी नकळत त्या बाजूच्या पात्रांना शहाणे आणि इतरांना भोळे करू लागते. पाठभेद सांभाळून ठेवण्याची रीत आपल्या भाषेला नवी नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर महानुभाव अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा बांधले आणि वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावाने ओळखले जाणारे पाठ परंपरेत राहिले; नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली तेव्हा या पाठांच्या तुलनेचे मोठे काम त्यांना करावे लागले. काल्पनिक जगाच्या लेखकाने आपल्या वहीत असेच पाठ ठेवावेत: बागवान-पाठ, पाणक्या-पाठ, दरबार-पाठ.

देवाला काय जमत नाही

कथा हातात आल्यावर देवतेकडे वळावे आणि तिची शक्ती ठरवण्याआधी तिच्या मर्यादा ठरवाव्यात. ताणाई पाणी थांबवू शकते, पण पाडू शकत नाही. पाऊस तिच्या हातात नाही. ती हलक्या जमिनीत फार दिवस थांबत नाही, काळ्या जमिनीत जास्त थांबते. शेतीतला साधा अनुभव देवतेच्या स्वभावात असा उतरवला की वाचकाला कारण न सांगताही तो स्वभाव पटतो. पूर्वेकडचे लोक तिला घाईची म्हणतात, पश्चिमेकडचे हट्टी. दोन्हीकडच्या देवळांत तिच्या मूर्ती वेगळ्या असणार हे ओघाने आले.

तिचे पोट कोण भरतो, हेही लिहून ठेवावे. देवीचे देऊळ असेल तर त्याची जमीन कोणाची, पुजारी कोणत्या घरातला, नैवेद्य कशाचा आणि देवळाबाहेर कोणाला थांबावे लागते, या प्रश्नांची उत्तरे देवीच्या जन्मकथेपेक्षा अधिक उपयोगी पडतात. इथे विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजघराण्याच्या ताम्रपटांकडे बघावे. पाचव्या शतकात राणी प्रभावतीगुप्ता हिने दिलेला आणि ऋद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिल्याचे त्यात म्हटले आहे, आणि हा रामगिरी म्हणजे आजचे रामटेक असे मानले जाते. देवतेचे नाव, राजघराण्याची वंशावळ आणि जमिनीचे दान हे सारे एकाच दस्तऐवजात येते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे जे संपादन केले आहे, ते काल्पनिक दरबाराची भाषा शिकू इच्छिणाऱ्याने जरूर चाळावे. दुमातीच्या राजाचा एखादा ताम्रपट तुम्ही स्वतः लिहून पाहिला, तर देवी, राजा आणि जमीन यांचे नाते चार ओळींत पक्के होईल.

देव नाकारणारी माणसे

ज्या जगात सगळेच भाविक आहेत ते जग अपुरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि २२ प्रतिज्ञा दिल्या, ज्यांत जुन्या देवदेवतांना न मानण्याची स्पष्ट शपथ आहे. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरची निवड नाग लोकांच्या इतिहासाशी जोडली. देव नाकारण्यामागे केवळ तर्क असतो असे नाही. त्यामागे माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असू शकतो, आणि नाकारणारे लोक रिकामे न राहता स्वतःचा वेगळा इतिहास व वेगळे विधी उभे करतात, हे या घटनेतून लेखकाने समजून घ्यावे. दुमातीत ज्यांना देवळाबाहेर थांबावे लागते त्यांच्यातला कोणी उठून म्हणेल की ताणाई देवी नव्हतीच, ती आमची पणजी होती आणि तिला मारले गेले. त्याच्या या म्हणण्याला कादंबरीत पूर्ण वजन मिळाले पाहिजे.

उत्पत्तिकथा

ती उशिरा लिहावी, एका पानाच्या आत संपवावी आणि कोणाच्या तरी तोंडून सांगावी. दोन रंगांच्या जमिनीचे कारण सांगणारी एखादी कथा दुमातीला पुरेल: पश्चिमेचा डोंगर एकदा वितळला आणि पूर्वेच्या म्हाताऱ्या दगडाच्या पायाशी येऊन थांबला, म्हणून काळी माती आजही पूर्वेची ‘पाहुणी’ मानली जाते आणि पश्चिमेचे लोक पूर्वेच्या गावात लग्नाला गेले की आधी पाय धुतात. शेवटचा भाग, पाय धुण्याचा, हा पुन्हा विधी आहे. उत्पत्तिकथा जर आजच्या कोणत्याही वागण्यापर्यंत येऊन पोहोचत नसेल, तर ती वगळली तरी चालते.

जुन्या थराचे अवशेष

प्रत्येक जुन्या प्रदेशात अशा वस्तू असतात ज्यांचे मूळ स्थानिकांना ठाऊक नसते आणि तरी त्यांच्याभोवती गोष्टी जमतात. नागपूरजवळ काटोल मार्गावर जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. ती महापाषाणयुगीन दफने आहेत, काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, आणि विदर्भातल्या अशा वर्तुळांच्या उत्खननांत लोखंडी हत्यारे, मणी व घोड्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. ज्या लोकांनी ती रचली त्यांची भाषा आपल्यापर्यंत आलेली नाही. काल्पनिक जगातही असा एक थर ठेवावा, ज्याचा अर्थ कोणत्याही पात्राला माहीत नाही आणि लेखकही सांगत नाही. जुनापाणीला जाऊन यावे, आणि शहरातल्या १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात, निवांत वेळ घालवावा. वस्तूचा आकार आणि झीज डोळ्यांनी पाहिल्यावर जी कल्पना सुचते तिला चित्र पाहून सुचलेल्या कल्पनेपेक्षा जास्त वजन असते.

नावे

नावांसाठी तीन थर पुरतात. नद्या आणि डोंगर यांना सर्वांत जुनी, अर्थ न लागणारी नावे द्यावीत. गावे आणि ग्रामदेवता यांना बोलीतली, सहज तोंडात बसणारी. दरबार आणि मोठी देवळे यांना भारदस्त, संस्कृत वळणाची. म्हणून जी गावात ताणाई आहे ती राजधानीतल्या देवळात शोषिणीदेवी होते आणि कोणते पात्र कोणते नाव उच्चारते यावरून त्याची जागा कळते. अवघड जोडाक्षरे जुळवून परके वाटणारे नाव बनवण्याचा मोह टाळावा, कारण वाचक ते मनात वाचतानाच टाळू लागतो.

कथा कोणत्या रूपात लिहावी

कोशासारख्या नोंदी लिहू नयेत. मराठीत लोककथा आणि श्रद्धा वाहून नेणारी रूपे भरपूर आहेत: श्रावणातल्या कहाण्या, जात्यावरच्या ओव्या, पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भुलाबाईची गाणी, दंडार हे लोकनाट्य, क्षेत्राचे माहात्म्य. प्रत्येक रूपाचा सांगणारा आणि ऐकणारा ठरलेला असतो, त्यामुळे पाठभेदांना तयार घर मिळते. दरबार-पाठ माहात्म्यात जाईल, पाणक्या-पाठ ओवीत किंवा दंडारीत. बागवान-पाठ कहाणीच्या रूपात असा दिसेल:

‘ऐका ताणाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं एक माळी होता. बाग उदंड, पानं हिरवी, पण फूल धरेना. एके दिवशी एक तहानलेली बाई बांधावर आली. माळ्यानं घडा पुढं केला. ती म्हणाली, तुझं नको, झाडांचं दे. माळ्यानं पाट मोडला, झाडांचं पाणी तिच्या ओंजळीत सोडलं. शेजारी हसले, पानं मिटली, माळीण रडली. बाई पीत राहिली. पुरे म्हणाली तेव्हा पहाट झाली होती आणि बाग पांढरी झाली होती. उतू नये, मातू नये, ताणात पाणी मागू नये.’

एवढ्या मजकुरात जगाचा नियम, भीती, शेजाऱ्यांचा स्वभाव आणि निषेध सगळे आले. असे तुकडे प्रत्येक पाठासाठी लिहावेत, आणि त्यांतला एखादा मुद्दाम अर्धवट सोडावा, जणू सांगणाऱ्याला पुढचे आठवत नाही.

जिवंत श्रद्धांशी कसे वागावे

विदर्भात लिहिणाऱ्याने हा भाग घाईने वाचू नये. गोंड समाजाची पुराणपरंपरा अत्यंत समृद्ध आहे. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा, परधान गायकांनी किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने जपलेली गाणी, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला भरणारी यात्रा हे सारे आज जगत असलेल्या लोकांचा धर्म आहे. नागपूर शहराचा पाया घालणारा बख्त बुलंद शाह हा गोंड राजा होता हेही विसरू नये. नागपुरात राहिलेले धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत टिपून घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे प्रसिद्ध केली. त्या नोंदी मोलाच्या आहेत, पण बाहेरच्या माणसाने आपल्या चष्म्यातून केलेल्या आहेत. कादंबरीसाठी या परंपरेतले नाव, गोत्रव्यवस्था किंवा कथा उचलून तिच्यावर नवा मुलामा देणे मला अनुचित वाटते. शिकायचे असेल तर रचनेचे तत्त्व शिकावे: गाणारा आणि देव यांचे नाते, गुहेसारख्या एका ठिकाणी एकवटलेली स्मृती, कुळांची देवाशी घातलेली सांगड. आणि त्या समाजातले कोणी आपली परंपरा स्वतः लिहीत असतील, तर त्यांचे लेखन आधी वाचावे. आपण स्वतः त्याच समाजातले असू, तर काय सांगायचे आणि काय घरात ठेवायचे हे घरातल्या जाणत्यांना विचारून ठरवावे. हाच नियम मारबतीपासून महादेवाच्या यात्रेपर्यंत सर्वांना लागू आहे.

कादंबरीत किती आणावे

इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांची पहिली कादंबरी ‘द हॉबिट’ १९३७ साली आली, मोठी कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये, आणि या सगळ्यामागची पुराणकथा ‘द सिल्मरिलियन’, जिच्यावर ते पहिल्या महायुद्धाच्या काळापासून काम करत होते, ती त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध केली. म्हणजे कादंबऱ्यांच्या वाचकांनी अनेक वर्षे त्या पुराणाचे फक्त संदर्भ ऐकले, आणि तेवढ्यावर त्यांना त्या जगाची खोली जाणवली. आपणही संदर्भच द्यावेत.

ते देण्याची जागा शपथ, शिवी, निषेध, जेवण आणि प्रवासाची वेळ यांत असते. बागेतून जाणारा मुलगा पाटावर वाकतो आणि राखणीला बसलेली म्हातारी म्हणते, ‘ओंजळ नको धरू बाबू, बाई अजून उठली नाही.’ मुलगा हात मागे घेतो. कोण बाई, हे त्या प्रकरणात सांगू नये. पुढे कुठेतरी वाटेवर खापऱ्या दिसतील, आणखी पुढे एक सून घडा घेऊन उभी असेल, आणि दरबारात कोणी शोषिणीदेवीची शपथ घेईल. वाचक हे धागे स्वतः जोडेल आणि जोडलेले त्याला स्वतःचे वाटेल. प्रस्तावनेत देवांची वंशावळ छापणे, किंवा एखाद्या वृद्ध गुरूकडून तीन पाने पुराण सांगवून घेणे, यामुळे हा आनंद हिरावला जातो.

पहिला खर्डा झाल्यावर एक तपासणी करावी. हस्तलिखितातले पुराणकथेचे सर्व उल्लेख वेगळ्या कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकासमोर लिहावे की तो काढून टाकला तर कोणत्या पात्राचे वागणे बदलेल. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो उल्लेख काढावा. मग उलट बाजूने पाहावे: कोणत्या प्रसंगात पात्राने घाबरायला, थांबायला किंवा नियम मोडायला हवे होते आणि ते तसे करत नाही? अशा जागी विधी कमी पडला आहे, तिथे वहीतल्या पहिल्या पानाकडे, म्हणजे जमीन, पाणी आणि ऊन यांच्याकडे, परत जाऊन नवा विधी शोधावा.

शेवटी तिन्ही पाठ तीन वेगवेगळ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावेत, प्रत्येकाला एकच पाठ, आणि काही दिवसांनी त्यांना ती कथा आपल्या शब्दांत सांगायला लावावी. ते काय विसरले आणि स्वतःच्या मनाने काय घातले ते टिपून घ्यावे. विसरलेले बहुधा अनावश्यक असते. त्यांनी घातलेल्या भागातले जे जगाच्या नियमांत बसते, ते चौथा पाठ म्हणून वहीत उतरवावे आणि कादंबरीतल्या एखाद्या दूरच्या गावाला देऊन टाकावे.